पाच थरांचा रस्ता

४ नोव्हेंबर

भिंगरे,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्रात मोजून द्यायचे नसतात. फोन सोडून पत्र कसं, म्हणशील. फोनवर बोलायला लागलो की तुझी मामी समोर येऊन बसते आणि माझ्या तोंडाकडे बघत राहते. तिच्याबद्दल तिच्याचसमोर काय बोलायचं? आणि सोबत चित्रं पाठवायची होती. ती फोनमधूनही जातात म्हणे, पण मला फोनची कला कधी साधली नाही. माझ्या हातात शोभायची ती कात्रीच.

तर काम असं आहे. मागे आलीस तेव्हा माझ्या नातीसाठी, दादाच्या मुलीसाठी, तू एक गंमत आणली होतीस. पारदर्शक पाट्या एकामागे एक उभ्या, प्रत्येकीवर थोडं थोडं कोरलेलं आणि खाली दिवा. दिवा लावला की सगळ्या पाट्या मिळून जंगल व्हायचं आणि आत हरीण. पोरगी दोन दिवसांत विसरली. तुझी मामी मात्र हनुवटीखाली हात धरून संध्याकाळभर त्या जंगलात बघत बसली होती. तसा आपला रस्ता करून देशील का? माझ्या केस कापायच्या दुकानातून दिसायचा तसा. पुढे माझं दार, मग अलीकडचा फूटपाथ, मग रस्ता, मग पलीकडचा फूटपाथ, आणि सगळ्यात मागे मामीचं शिलाईचं दुकान, खिडकीत मामी.

का, ते आता सरळ सांगतो. तिचं विसरणं वाढलंय. सकाळी बरी असते, कधी कधी मला टोमणेही मारते. पण ऊन उतरलं की पिशवी खांद्याला लावून दाराशी उभी राहते. म्हणते, "चला, घरी जाऊ या." अगं, घरीच आहोत म्हटलं की माझ्याकडे अशी बघते, जणू मीच लबाड. दोनदा जिना उतरून पार खाली गेली होती. दादाने दाराला वरच्या बाजूला कडी लावली आहे. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आहे. ती संध्याकाळी दिली की मामी अंधार पडायच्या आत झोपेल, ती थेट सकाळपर्यंत. दादाचं चुकतं असं नाही, तो तरी किती धावणार? पण भिंगरे, संध्याकाळ हीच आमची दोघांची वेळ होती. तीच तिच्यातून काढून घ्यायची म्हणजे मागे राहिलं काय? दादाला म्हटलं, थोडा थांब, मला एक करून बघू दे.

घर तिच्यासमोर आणून ठेवलं तर ती शोधायला जाणार नाही, एवढं साधं गणित आहे माझं.

मामा

---

१५ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार. चित्रं पोचली. टेबलावर ओळीने मांडली आणि आधी बराच वेळ नुसती बघत बसले. तुम्ही चित्र काढता हे मला माहीतच नव्हतं. फूटपाथवर बाकाखाली जे काही बसलंय ते मांजर आहे की कुणाची पडलेली टोपी, तेवढं कळवा. दोन्ही करता येतं.

नक्की करते. आजवर माझ्या लेझरच्या मशीनवर लोकांच्या नावाच्या पाट्या, किचेन आणि बक्षिसाच्या ढाली एवढंच कापलं. इतकं आपलं असं काही पहिल्यांदाच करतेय.

कसं होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला उत्तरं देता येतील. पाट्या ॲक्रिलिकच्या असतात, ते काचेसारखंच दिसतं. खालून दिवा लावला की उजेड त्यातून सरळ वर निघून जातो, पाटी दिसतही नाही. लेझरने जिथे ओरखडा काढलेला असतो तिथे मात्र तो अडखळतो, आणि तेवढीच रेघ पेटते. म्हणजे जे कोरलं ते दिसणार आणि जे सोडलं ते हवेत. सगळंच कोरलं तर नुसतं धुकं होईल. म्हणून विचारते, मामीला काय दिसायला हवं? कुठली रेघ सगळ्यात जास्त पेटायला हवी? आणि मामीच्या दुकानावरची नावाची पाटी तुम्ही चित्रात कोरी का ठेवलीय?

तुमच्या दुकानातली मला फक्त ती फळी आठवते. मोठ्या खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकून तुम्ही मला तिच्यावर बसवायचात, आणि मी गोल फिरायला लागले की म्हणायचात, "भिंगरे, कान हवाय ना?" अजून केस कापताना मी कान झाकते.

तुमची भिंगरी

---

२७ नोव्हेंबर

भिंगरे,

ते मांजर आहे. टोपी म्हणणाऱ्याची बिनपाण्याने करायला हवी.

मामीला काय दिसायला हवं, ते तिलाच विचारून बघितलं. "तुला आपल्या रस्त्यावरचं काय आठवतं गं?" तर म्हणाली, "उजेड." आणि पुन्हा आपल्या पदराची शिवण चाचपत बसली. म्हणून माझंच सांगतो.

माझ्या दारावरचा दिवा पिवळाच हवा. आतल्या ट्यूबा पांढऱ्या होत्या, पण बाहेरचा एक बल्ब मी शेवटपर्यंत पिवळा ठेवला. रात्री रस्त्यावर तेवढंच एक ऊबदार दिसायचं. बदामाचं झाड डाव्या हाताला, पत्रपेटी उजव्या. मामी खिडकीत, मशीनवर, मान खाली. मान खालीच कर. माझ्या डोळ्यांपुढे ती तशीच आहे. मी गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून कात्री चालवायचो आणि मधून मधून तिच्याकडे बघून घ्यायचो. लग्नाआधीही, नंतरही. एकदा असाच बघत राहिलो आणि शाळेच्या हेडमास्तरांची एक मिशी दुसरीपेक्षा अर्धी झाली. दुसरी तेवढीच करून दिली, आणि हल्ली हीच फॅशन आहे म्हणून सांगितलं. महिन्याभरात तीन शिक्षक तशी मिशी करून घ्यायला आले.

इतकं बघितलं, पण तिने मान वर करून माझ्याकडे बघितलेलं मला एकदाही दिसलं नाही. कामाची पक्की. माझ्यासारखी नाही.

नावाची पाटी कोरी ठेवली कारण तिच्यावरची अक्षरं काही केल्या डोळ्यांपुढे येत नाहीत. नाव काय होतं ते माहीत आहे, पण नजरेला त्याचं वळण सापडत नाही. तू आपली एक रेघ ओढ.

आणखी एक आठवलं. तिच्या दुकानात घड्याळ नव्हतं. तरी मी बाहेरचा दिवा मालवला, शटर ओढलं आणि मागे वळलो की ही पिशवी खांद्याला लावून हजर. रोज. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मग "झालं? चला," म्हणायची आणि आम्ही घरी जायचो. तिला वेळ कशी कळायची, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारून काय उपयोग?

काल संध्याकाळी दाराशी उभी राहून रडली. कडी हाताला लागत नव्हती. जमेल तितक्या लवकर कर, बाळा.

मामा

---

२० डिसेंबर

मामा,

सोबतचं खोकं उघडताना कापसावरून हळूच ओढा. पाट्यांना बोटं लावू नका, ठसे पेटतात. लावलीतच तर चष्म्याच्या फडक्याने पुसा. वायर मागच्या बाजूला आहे आणि बटण वायरवरच.

उशीर झाला, पण दोन पाट्या वाया गेल्या. ॲक्रिलिकवर दोन्हीकडून कागद चिकटवलेला येतो. एकदा कागद काढून कोरलं तर कडांना धूर धरला. एकदा मशीनचा जोर जास्त झाला आणि बदामाची पानं जळकी निघाली. तिसऱ्यांदा बसलं. कापताना मशीनजवळून हलता येत नाही, पेट घेऊ शकतं. त्यामुळे सगळा रस्ता मी डोळ्यांदेखत उगवताना पाहिला. आतला तो लाल ठिपका इकडून तिकडे जातो आणि मागे पांढरी रेघ सोडतो. आधी पत्रपेटी आली, मग बाक, मग मांजर (टोपी नाही). शेवटी मामीची मान आली. खिडकीतल्या त्या वाकलेल्या मानेला सगळ्यात जास्त कोरलंय. बाहेर पंखा घरघरत होता, आंबूस वास येत होता, आणि मला वाटत होतं की मी तुमच्या फळीवरच बसलेय.

पाचही पाट्या लाकडी पट्टीतल्या खाचांमध्ये उभ्या केल्यात. दारावरचा दिवा म्हणजे पिवळ्या ॲक्रिलिकची एक टिकली आहे, पहिल्या पाटीत आरपार बसवलीय. ती दोन्हीकडून पेटते. दाराच्या आत तुम्हीही आहात, पाठमोरे, हातात कात्री. ते माझ्या मनाचं.

बसवताना एक-दोन गोष्टी जरा सारख्या केल्या आहेत. तुम्हाला कळणारही नाही.

मामी काय म्हणते ते लगेच कळवा. मी वाट बघतेय.

भिंगरी

---

२ जानेवारी

भिंगरे,

वस्तू पोचली. काम फार सुरेख आहे. पण तो आमचा रस्ता नाही.

दिवा लावला. सगळं ओळखीचं आहे, आणि काहीच ओळखीचं नाही. झाड भलतीकडेच उभं आहे, पत्रपेटी भलतीकडे. स्वप्नात आपण आपल्याच घरात शिरतो आणि खोल्या चुकलेल्या असतात ना, तसं झालं. तुझ्या मामीने एकदा बघितलं, तोंड फिरवलं आणि पिशवी उचलली.

मग मी विचार करत बसलो. तू का चुकशील? तू तर माझीच चित्रं समोर ठेवून केलंस. म्हणजे मी काढलं एक आणि आता मला आठवतंय दुसरं, असं असेल का? हे असंच सुरू होतं ना गं? तिचंही असंच सुरू झालं होतं. डबा भलत्या फळीवर ठेवायची आणि आम्हालाच म्हणायची, तुम्ही हलवलात.

दादाला हे सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. मी विसरलो तर तिला कोण आठवण देणार?

ते कपाटात ठेवून दिलंय. गोळ्या आणलेल्या आहेत. या महिन्यात सुरू करायच्या म्हणतो दादा.

मामा

---

९ जानेवारी

मामा,

आधी एक श्वास घ्या. तुम्हाला काहीही झालेलं नाही. झालंय ते मला, आणि त्याला अतिशहाणपणा म्हणतात.

खरं सांगते. चित्रं आल्यावर मी त्या रस्त्यावर जाऊन आले होते. तुमच्या दुकानात आता फोनची कव्हरं विकतात. त्यांच्या दारात उभी राहून मी तुमचा कागद समोर धरला. झाड उजवीकडे होतं आणि तुमच्या कागदावर डावीकडे. पत्रपेटीचंही तेच. मलाही तेच वाटलं जे तुम्हाला वाटलं, की मामीपाठोपाठ मामाही. हे तुम्हाला कसं लिहू? म्हणून गुपचूप सगळ्या पाट्या कॉम्प्युटरवर उलटवल्या आणि 'जरा सारख्या केल्या' असं लिहून मोकळी झाले. एका शब्दाने विचारलं असतं तर तुमचा आठवडा असा गेला नसता. माफ करा.

तुमचं पत्र वाचलं. नुसतं फिरून यावं म्हणून बाहेर पडले आणि केस वाढलेत म्हणून एका सलूनमध्ये शिरले. खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड आलं, नेहमीसारखा कान झाकला आणि समोर बघितलं. समोर आरसा. आरशात मागचं दार, आणि दारातून रस्ता. पलीकडच्या दुकानाची पाटी उलटी दिसत होती, एक अक्षर लागत नव्हतं. मी कापडासकट उठून उभी राहिले. सलूनवाली ओरडली, "अहो, कान जाईल!"

मामा, तुमचा आरसा आतल्या भिंतीला होता. दार तुमच्या पाठीमागे. उभा जन्म तुम्ही तो रस्ता आरशात बघितलात! मामीलासुद्धा आरशातच बघितलंत. येता-जाता सरळ दिसायचा म्हणाल, पण येता-जाता कोण बघतं? तुम्ही बघायचात ते काम करताना. म्हणून तुमचं झाड डावीकडे, आणि म्हणूनच पाटीवरची अक्षरं तुमच्या नजरेला सापडत नाहीत. तुमची आठवण इतकी पक्की आहे की ती आरशासकट पक्की आहे. उलट मीच 'बरोबर' करायला गेले आणि तुमचा रस्ता घालवला.

दुसरा करायला घेतलाय, अगदी तुमच्या कागदावर आहे तसा. पहिला टाकू नका. कपाटातून काढून एकदा त्याच्यासमोर आरसा धरून बघा. तुमचा रस्ता दिसेल.

गोळ्या थोड्या थांबवता येतील का? दादाशी मी बोलू का?

भिंगरी

---

२५ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. मामी म्हणाली, "वेड लागलं का?" म्हटलं, नाही, नाही लागलं! तेच तर लिहून आलंय.

तुझी दुसरी वस्तूही काल आली. दिवा लावला आणि मी माझ्या दुकानात उभा. झाड तिथे, पेटी तिथे, मांजर तिथे. हाताची बोटं आपोआप कात्रीसारखी हलायला लागली. ती मी माझ्या दाढीच्या आरशाशेजारी ठेवली आहे. तुझे किती आभार मानू? पण हे पत्र पहिलीबद्दल आहे.

तू लिहिलंस म्हणून मागच्या आठवड्यात पहिली कपाटातून काढली. टेबलावर ठेवली, दिवा लावला आणि आरसा आणायला आत गेलो. संध्याकाळच होती. मामी पिशवी खांद्याला लावून दाराकडे निघालेली. परत येतो तर ती टेबलाशी थांबलेली, आणि वस्तू फिरवून उलटी ठेवलेली, मागची बाजू पुढे. मला वाटलं, हात लागून फिरली असेल. सरळ केली. तर तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "उलटं नका ठेवू हो." पुन्हा फिरवली. खुर्ची ओढून बसली. पिशवी मांडीवर.

मग मीही तिच्या बाजूला खुर्ची घेतली आणि ती बघत होती तिकडून बघितलं.

भिंगरे, तिकडून तो तिचा रस्ता आहे. सगळ्यात पुढे तिची खिडकी, तिचं मशीन. मग फूटपाथ, रस्ता, आणि पार पलीकडे माझं दुकान. ते दुकान तिथून कसं दिसतं हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. छोटंसं दिसतं. दारावर पिवळा दिवा, आणि आत तो तू कोरलेला पाठमोरा मी. झाड जिकडे असायला हवं तिकडेच आहे, कारण तू रस्ता सरळ केलास. माझ्या कागदावरचा तसाच कोरला असतास, तर तिकडून तिला तो ओळखूच आला नसता. तुझा अतिशहाणपणा देवाने केला म्हणायचा.

मी विचारलं, "काय बघतेस?"

ती मला म्हणाली, अगदी शेजारच्या बाईला सांगावं तसं, "समोर आमचे हे आहेत. गिऱ्हाईक असेल अजून. दिवा चालू आहे ना. मालवला की निघायचं."

तिला वेळ कशी कळायची, त्याचं उत्तर हे असं मिळालं. मला वाटायचं, मीच तेवढा बघतो आणि हिची मान खाली. ती दिवसभर खालीच असेलही. पण संध्याकाळी मशीनवर कापड टाकून, पिशवी मांडीवर घेऊन ही बाई रोज माझ्या दिव्याकडे बघत बसायची. मला ते कधी दिसलं नाही, कारण त्या वेळी मी केर काढत असायचो, खाली बघून.

मी म्हटलं, "थांबू का मीपण?" तर म्हणाली, "बसा की."

बसलो. खिडकीबाहेर अंधार झाला. ती काही पुटपुटत होती, कुणाच्या तरी बाहीचं माप, कुठल्या तरी मुलीचा झगा. आवाजात घाई नव्हती, रडणं नव्हतं. दादा येऊन दारात उभा राहिला, बराच वेळ बघत होता. मग मी वायरवरचं बटण दाबलं. रस्ता विझला. ती लगेच उठली, पिशवी खांद्याला लावली, माझ्याकडे वळली आणि मला ओळखून हसली. म्हणाली, "झालं? चला."

मी हात दिला. टेबलापासून आतल्या खोलीपर्यंत गेलो आम्ही. तिने पिशवी खुंटीला अडकवली, पलंगावर बसली, पाय चोळले आणि म्हणाली, "आलो बाई घरी." आणि झोपली.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. दादाने गोळ्या कपाटात मागे सरकवल्यात. पुढे काय होईल ते मला माहीत आहे, मी काही लहान नाही. पण आज तरी आमची संध्याकाळ आमच्याकडे आहे.

एक चोरी कबूल करतो आणि पत्र संपवतो. काल मी बटण मुद्दाम उशिरा दाबलं. तिला जेवायलाही उशीर झाला, सूनबाई दोनदा डोकावून गेली. काय करू? माझी अशी वाट बघणारी माझी बायको मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो.

मामा